पोळ्याच्या आठवड्यात नागपूर कसं बघावं

पोळा जवळ आला की जुन्या विद्यार्थ्यांचे फोन सुरू होतात. "बाई, पोरांना मारबत दाखवायची आहे. कधी निघू, कुठे उभं राहू?" मारबत म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरवणुकीनं वेशीबाहेर नेऊन जाळतात ती बाईची भलीमोठी आकृती. तीस वर्षं इथल्या महाल भागातल्या शाळेत चित्रकला शिकवली. दरवर्षी मुलांना घेऊन या गल्ल्यांतून फिरले, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडेच येतो. सगळ्यांना मी एकच सांगते: मारबत पहिल्यांदा बघायला मिरवणुकीच्या दिवशी जाऊ नका. चार दिवस आधी जा.

मिरवणुकीत मारबत तुमच्यासमोरून दोन-तीन मिनिटांत निघून जाते. गुलाल, ढोल, पुढच्याच्या खांद्यावरचं लेकरू, एवढंच दिसतं. आधी गेलात तर ती आपल्या जागी उभी असते, आणि मान वर करून तिच्याकडे निवांत बघता येतं. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर कागद-कापड, वरून रंग. पिवळी मारबत जागनाथ बुधवारीत तऱ्हाणे तेली समाजाची माणसं करतात. तिथे बाया ओटी भरतात, नारळ ठेवतात, लहान लेकराला तिच्या पायाशी टेकवतात. जिला उद्या वेशीबाहेर नेऊन जाळायचं, तिची आज पूजा! मला वर्गात हे कधी समजावून सांगता आलं नाही. मुलांनी तिथे उभं राहून बघितलं आणि त्यांना ते कळलं.

काळी मारबत १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून. काळी म्हणजे इंग्रजांना सामील झालेली नागपूरच्या भोसल्यांची राणी बाकाबाई आणि पिवळी म्हणजे इंग्रजी राज्य, असं इथली जुनी माणसं सांगतात. जाण्याआधी पोरांना एवढी गोष्ट सांगून ठेवा. बाकीचं तिथल्या एखाद्या म्हाताऱ्या काकांना विचारा. मारबतीच्या मांडवाशेजारी खुर्ची टाकून बसलेले असे काका हमखास भेटतात, आणि ते सांगतील ते माझ्यापेक्षा चांगलं असेल.

आता दिवसांचा हिशेब. श्रावण अमावास्येला पोळा. दुसऱ्या दिवशी, म्हणजे पाडव्याला, दिवसा मारबत आणि संध्याकाळी लहान मुलांचा, लाकडी नंदींचा तान्हा पोळा. त्यानंतर तीन दिवसांत गणपती. म्हणजे मारबतीच्या आधीचे चार-पाच दिवस इतवारीत मारबत उभी असते, तिच्याबरोबर निघणारे पुतळे, म्हणजे बडगे, तयार होत असतात, आणि तिकडे मूर्तिकारांच्या चितारओळीत गणपतींवर शेवटचा हात फिरत असतो. वर्षभरात एवढं सगळं एकाच वेळी पुन्हा बघायला मिळत नाही. एखादा दिवस सुट्टी काढायची असेल तर याच आठवड्यात काढा.

सुरुवात चितारओळीपासून करा. मेट्रोच्या अ‍ॅक्वा मार्गावर चितार ओळ चौक नावाचं स्टेशनच आहे, गाडी घरीच ठेवा. दुपारी तीनच्या सुमारास जा. सकाळी गिऱ्हाईक असतं आणि संध्याकाळी गर्दी. दुपारी मात्र माणसं मान खाली घालून कामात असतात. दारात उभं राहून "दादा, थोडा वेळ बघत बसलं तर चालेल का?" असं विचारा. मला आजवर कोणी नाही म्हटलेलं नाही. फोटो काढण्याआधी वेगळं विचारा. मूर्तीला हात लावू नका, ओली माती बोटाचा ठसा धरते.

बघायचं काय? एकाच ओळीत सगळ्या पायऱ्या दिसतात. कुठे लाकडाच्या पट्ट्यांवर सुतळीनं तणीस (भाताचा पेंढा) आवळलेली, कुठे त्यावर मातीचा पहिला थर, तडे गेलेला. आत पांढरा हात दिलेली मूर्ती, आणि अगदी आत, पंख्याखाली, रंग झालेली. डोळ्यांची आखणी बघायला मिळाली तर बाकी सगळं सोडून तिथेच बसा. एकदा आम्ही बसलो होतो. कारागिरानं डाव्या हाताची करंगळी मूर्तीच्या गालापासून केसभर अंतरावर टेकल्यासारखी धरली, उजवा हात तिच्यावर ठेवला, श्वास रोखला आणि वरच्या पापणीची रेघ एका दमात ओढली. मग कुंचला बाजूला ठेवून पाण्याचा घोट घेतला. दुसरा डोळा पाच मिनिटांनी. माझ्या वर्गातला सगळ्यात दंगेखोर मुलगा तोपर्यंत हलला नाही. घरी जाऊन त्यानं वहीभर डोळे काढले होते.

वही आणि पेन्सिल घेऊनच जा, हा माझा आग्रह आहे. मोबाईलमध्ये शंभर फोटो येतात आणि तिथेच राहतात. एक हात काढायला बसलात की त्या हाताला किती बोटं दिसतात, मोदक कुठल्या बोटांत धरलाय, हे बघावंच लागतं. चित्र वाईट आलं तरी चालेल.

चितारओळीतून चालत इतवारीकडे या. वाटेत लाकडी नंदीची दुकानं लागतील. मुठीत मावणाऱ्यापासून पोराला ओढायला दोघं लागतील एवढ्यापर्यंत. मग बडगे शोधा. हे मारबतीबरोबर निघणारे पुतळे, जुन्या शर्ट-पँटमध्ये तणीस भरून केलेले. महागाई, भ्रष्टाचार, खड्डे, त्या वर्षी लोकांना जे सलत असेल ते त्यांच्या गळ्यातल्या पाटीवर येतं. पाट्या नीट वाचा आणि वहीत उतरवून घ्या. माझ्याकडे बावीस वर्षांच्या पाट्या लिहिलेल्या आहेत. वस्तीला त्या त्या वर्षी काय जड गेलं, ते त्यात सापडतं.

आता मिरवणुकीचा दिवस. मी एकदा मोठी चूक केली आहे, ती तुम्ही करू नका. अठरा मुलं घेऊन गेले, जमायची जागा ठरवली नाही. गर्दीचा लोंढा आला आणि चौथीतला एक मुलगा हातातून सुटला. अर्ध्या तासानं सापडला. एका भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर, दुकानातल्या मावशींनी त्याला पाणी देऊन बसवून ठेवलं होतं. तो अर्धा तास मी अजून विसरले नाही. तेव्हापासून आधी एक दुकान ठरवते, दुकानदाराला सांगून ठेवते, मुलाच्या खिशात फोन नंबरची चिठ्ठी घालते. पाच-सहा वर्षांच्या आतल्या लेकराला मिरवणुकीत नेऊच नका, त्याला आदल्या दिवशी मारबत दाखवा.

काळी आणि पिवळीची भेट इतवारीत नेहरू पुतळा चौकात होते. तिथलीच गर्दी सगळ्यात जास्त, म्हणून चौकाच्या अलीकडे, पायरी किंवा ओटा असलेली जागा पकडा. सकाळी दहाच्या आत पोचा. जुने कपडे, पायात पट्ट्याची चप्पल, पाण्याची बाटली. "ईडा, पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत!" ही आरोळी उठली की गप्प उभे राहू नका, तुमच्याही घरात काही दुखणं-खुपणं असेलच. तेही द्या तिच्याबरोबर.

संध्याकाळी आपल्याच मोहल्ल्यात तान्हा पोळा बघा. त्यासाठी कुठे जायचं नाही. पोरं सजवलेले नंदी घेऊन दारोदार येतील, त्यांच्यासाठी बोजारा, म्हणजे हातावर ठेवायचे पैसे किंवा खाऊ, तयार ठेवा. नुसतं नाणं हातावर टेकवू नका. नंदीला कुंकू लावा, झूल कोणी शिवली ते विचारा. आजीनं जुन्या साडीची शिवलेली झूल असेल तर पोरगं ती मोठ्या अभिमानानं सांगतं.

उरलेल्या वर्षाबद्दल थोडक्यात. झिरो माईलच्या दगडी खांबाजवळचे चार घोडे आपण रोज बसमधून बघतो. एका रविवारी सकाळी उतरून त्यांना फेरी घाला आणि खांबाच्या पायथ्याशी कोरलेली गावं आणि मैल वाचा. तिथून जवळच गोवारी स्मारक आहे. २३ नोव्हेंबर १९९४ ला गोवारी समाजाच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ माणसं गेली. त्या तारखेला तिथे गेलात तर वही पिशवीत ठेवा, फुलं न्या. आणि विजयादशमीला दीक्षाभूमी. स्तूप एरवीही बघता येतो, पण त्या दिवशी पुस्तकांच्या दुकानांच्या रांगा बघा. लांबच्या गावाहून आलेली माणसं भाकरीच्या पिशवीत पुस्तकं बांधून परत नेतात. सोबत घरून पाण्याच्या बाटल्या न्या, वाटायला कामी येतात.

अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी मात्र पुन्हा एकदा चितारओळीत चक्कर मारा. गणपतींच्या जागा रिकाम्या, जमिनीवर रंगाचे डाग, आणि त्याच ओसरीत देवीचे दहा-दहा हात ओळीनं वाळत घातलेले. अजून बोटं यायची असतात. वहीचं नवं पान तिथेच उघडा.