तळ्यातले वेखंड कसे ओळखावे

वाळलेले वेखंड सांगली-साताऱ्याकडच्या जुन्या घरांत सर्वांच्या ओळखीचे असते. बाळाच्या अंगाला लावायच्या पुडीत ते असते, धान्याच्या कणगीत आणि पोथ्यांच्या बासनात कीड लागू नये म्हणून त्याचे तुकडे टाकलेले असतात. हेच वेखंड हिरवेगार, गुडघाभर उंचीचे आणि चिखलात उभे असे समोर आले, तर मात्र ते ओळखणारे फार थोडे निघतात. चार वर्षांपूर्वी सांगलीतल्या घरामागच्या सिमेंटच्या टाक्यासाठी मी एका रोपवाटिकेतून वेखंड म्हणून रोप आणले. दुसऱ्या पावसाळ्यात त्याला तपकिरी कणीस आले, तेव्हा ते पाणकणीस असल्याचे समजले, आणि तोवर त्याने निम्मे टाके व्यापले होते. रोप विकत घेण्यापूर्वी पाच मिनिटे नीट पाहिले असते, तर ही चूक टळली असती.

प्रथम पात्याकडे पाहावे. वेखंडाचे पाते तलवारीसारखे लांब, टोकदार, साधारण एक ते दोन सेंटिमीटर रुंद आणि चकचकीत हिरवे असते. चांगल्या वाढलेल्या झाडाची पाती मीटरभर उंच जातात. पाते उजेडासमोर धरून त्यावरून बोट फिरवले की उठावदार मध्यशीर लागते, आणि ती पुष्कळदा बरोबर मधोमध नसून एका कडेकडे सरकलेली असते. पात्याची एक कड काही ठिकाणी आडव्या चुण्या पडल्यासारखी नागमोडी दिसते. ही खूण प्रत्येक पात्यावर सापडेलच असे नाही, म्हणून निदान सात-आठ पाती तपासावीत.

नंतर बुडखा पाहावा. पाती एकमेकींना कवेत घेत एकाच पातळीत, मिटलेल्या पंख्यासारखी निघतात आणि तळाशी त्यांवर बहुधा गुलाबी-लालसर छटा असते.

खरी परीक्षा वासाची आहे. पात्याचा बोटभर तुकडा तोडून तो दोन बोटांत चांगला चुरडावा आणि लगेच हुंगावा. वेखंडाच्या पात्याला गोडसर, किंचित संत्र्याच्या सालीची आठवण करून देणारा मसालेदार वास येतो, आणि वाळलेल्या वेखंडाचा वास ज्याच्या नाकात लहानपणापासून बसला आहे, त्याला त्या वासाची सौम्य हिरवी आवृत्ती लगेच जाणवते. गवती चहाही सुगंधी असतो, पण त्याचा वास लिंबाचा असतो, पाते खरखरीत असते आणि तो पाण्यात उभा राहत नाही. चुरडूनही नुसता गवताचा वास आला, तर बाकीच्या खुणा कितीही जुळोत, ते रोप वेखंड म्हणून घेऊ नये.

शक्य असल्यास चिखल थोडा बाजूला सारून गड्डा पाहावा. हळदीच्या पट्ट्यातल्या वाचकांना इथे तुलना सोपी जाईल: हळदीत जेठ्या गड्ड्याभोवती हळकुंडे गोळा होतात, तर वेखंडाचा गड्डा जमिनीलगत आडवा सरपटत जातो, फाटे फोडतो, बोटाएवढा जाड होतो, त्याच्या वरच्या अंगावर गळलेल्या पानांचे वण आणि खालच्या अंगाला मुळांचे झुपके असतात. बाहेरून तो गुलाबीसर-तपकिरी असतो, कापल्यावर आत पांढरट आणि काहीसा भुसभुशीत दिसतो, आणि त्याचा वास पात्यापेक्षा कितीतरी उग्र असतो. संस्कृतात वेखंडाला उग्रगंधा म्हणतात ते उगाच नाही.

फुलाची वाट पाहत बसू नये. माझ्याकडच्या वेखंडाला अजून एकदाही फुलोरा आलेला नाही. तो येतो तेव्हा पात्यासारख्या दिसणाऱ्या दांड्याच्या कडेतून, बोटासारखे हिरवट-पिवळे कणीस तिरपे बाहेर निघते. अळूच्या फुलोऱ्याशी असलेल्या या साम्यामुळे वेखंड पूर्वी अळूच्या कुळात धरले जात असे. आता त्याचे कूळ स्वतंत्र मानतात.

गल्लत बहुतेक दोन झाडांशी होते. पाणकणसाचे पाते जाड आणि स्पंजासारखे असते, त्याची एक बाजू सपाट तर दुसरी फुगीर असते, त्याला उठावदार मध्यशीर नसते आणि वासही नसतो. कालव्यांच्या आणि ओढ्यांच्या कडेला ते आपण नेहमी पाहतो. पिवळा आयरिस अधिक फसवा आहे, कारण त्याची पातीही पंख्यासारखी निघतात आणि त्यांनाही मधली शीर असते. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1753 मध्ये त्याला दिलेल्या शास्त्रीय नावाचा अर्थच ‘खोटे वेखंड’ असा होतो. त्याची पाती निळसर-राखाडी झाकेची आणि बिनवासाची असतात, फुले मोठी व पिवळीधमक येतात. हे झाड विषारी आहे, त्याच्या रसाने त्वचेची आग होते, म्हणून शंका असेल तेव्हा हुंगून झाल्यावर हात साबणाने धुवावेत आणि तुकडा जिभेला कधीही लावू नये.

ओळख पक्की झाल्यावरही टाक्यातला गड्डा उगाळून बाळाला चाटवू नये, हे मी कळकळीने सांगतो. वेखंडाच्या काही प्रकारांत बीटा-असारोन हे द्रव्य भरपूर असते. प्राण्यांवरील प्रयोगांत ते घातक आढळल्यामुळे अमेरिकेने 1968 मध्ये खाद्यपदार्थांत वेखंड वापरण्यावर बंदी घातली. आपल्या टाक्यातले झाड त्यांपैकी कोणत्या प्रकारचे आहे, हे नुसते पाहून कळत नाही.

नवे रोप थेट टाक्यात सोडू नये. चिकणमाती भरलेल्या कुंडीत ते लावून, मातीवर चार-पाच बोटे पाणी राहील अशा बेताने कुंडी वेगळ्या बादलीत बुडवून ठेवावी. महिनाभरात नवी पाती फुटली की त्यांतले एक चुरडून वास पुन्हा तपासावा, आणि मगच कुंडीसकट ते टाक्यात उतरवावे.