ऑस्कर, अरोवाना पाळताय? या चुका टाळा, मी सगळ्या करून बसलोय

ऑस्कर, अरोवानासारखा शिकारी मासा घरी आणणाऱ्या प्रत्येकाला, मलापण, बघायचं एकच असतं, त्याने दुसरा मासा गपकन गिळलेला. मित्र आले की 'थांब, तुला गंमत दाखवतो' म्हणत एक छोटा गोल्डफिश सोडायचा, मोबाईल काढायचा, सगळे ओरडतात. मासा बहुतेक या गमतीपायीच जातो, फक्त दोन-चार महिन्यांनी जातो म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही.

दुकानातले फीडर, म्हणजे मोठ्या माशाला खाऊ म्हणून विकायचे गोल्डफिश एकाच टाकीत शेकड्याने कोंबलेले असतात, त्यांच्यातले बरेचसे आजारी, व्हाइट स्पॉट म्हणा, जंत म्हणा, ते सगळं तुमच्या टँकमध्ये आणि माशाच्या पोटात जातं. वर गोल्डफिशच्या अंगात थायमिनेज नावाचं एन्झाइम असतं जे बी-१ जीवनसत्त्व मोडून टाकतं, म्हणजे रोज पोटभर खाऊनसुद्धा मासा आतून खंगत जातो. आणि ॲमेझॉनमधला जंगली ऑस्कर काही दिवसभर माशांच्या मागे पळत नसतो, तो बरेचसे किडे, झिंगे, गोगलगायी खातो. चिकनची कलेजी, मटणाचे तुकडे पण नकोत, ती चरबी माशाला पचत नाही आणि पाण्यावर तेलाचा तवंग येतो तो वेगळाच. चांगल्या प्रतीचे पेलेट, म्हणजे माशांच्या तयार खाद्याच्या गोळ्या, रोजचे, मधूनमधून सोललेली कोळंबी नाहीतर गांडूळ, बास. मोठ्या माशाला दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच, आणि आठवड्यातून एक दिवस कडक उपास.

आता तुम्ही म्हणाल, आमचा पेलेट खातच नाही. नाही खाणार, त्याला सवय तुम्हीच लावलीय ना. माझा ऑस्कर पेलेट तोंडात घ्यायचा आणि माझ्याकडे बघत थुंकायचा, आठ दिवस हे नाटक चाललं, आई म्हणायची 'अरे मारशील त्याला, घाल काहीतरी'. पण धडधाकट मोठा ऑस्कर आठवडाभर उपाशी राहिला तरी त्याला काही होत नाही. न खाल्लेलं दहा मिनिटांत जाळीने काढायचं, उद्या परत टाकायचं. नवव्या दिवशी निमूट खाल्लं. पिल्लांवर मात्र हा प्रयोग करू नका, त्यांना कोळंबीच्या बारीक तुकड्यांबरोबर पेलेट मिसळून द्या.

पुढची चूक मला सगळ्यात महाग पडली. एका रविवारी उत्साहात टॉप फिल्टरचा स्पंज काढून नळाखाली चकाचक धुतला, अगदी कपडे धुतल्यासारखा पिळून. बुधवारी बघतो तर ऑस्कर वर येऊन तोंड उघडझाप करतोय, पाणी आरशासारखं स्वच्छ, त्यामुळे काय बिघडलं तेच कळेना. झालं असं होतं की माशाच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून निघणारा अमोनिया खाऊन टाकणारे जिवाणू त्या स्पंजमध्येच राहतात आणि नळाच्या क्लोरीनने मी ते मारून टाकले. शिकारी मासा खातो जास्त, म्हणून घाणही जास्त करतो, अमोनिया भराभर चढतो. मे महिन्याच्या गरम पाण्यात तोच अमोनिया आणखी विषारी होतो. असं झालं तर औषधं ओतत बसू नका, लगेच निम्मं पाणी बदला, नवीन पाण्यात अँटिक्लोरीन घाला, एअर पंप जोरात सोडा आणि दोन दिवस खाणं बंद. स्पंज कायम टँकमधून काढलेल्या बादलीभर पाण्यातच हलका खळबळायचा. नवीन टँक असेल तर हे जिवाणू तयार व्हायलाच चार ते सहा आठवडे लागतात, आणि आपण शनिवारी टँक, रविवारी मासा. टेस्ट किट घ्या, अमोनिया आणि नायट्राइट शून्यच पाहिजे, नायट्रेट ४० पीपीएमच्या आत.

माशाच्या डोक्यावर खड्डे पडायला लागले की सगळे आधी मेट्रोनिडाझोल हे औषध शोधतात. आधी दर आठवड्याला ३० ते ४० टक्के पाणी बदलताय का ते बघा, खाण्यात काय घालताय ते बघा, बऱ्याचदा तिथेच सुटतं.

टँकच्या साइजबद्दल दुकानदार काय सांगतो ते ऐकू नका. 'मासा टँकएवढाच वाढतो साहेब' हे मीसुद्धा ऐकून घेतलंय. दोन इंचाचा ऑस्कर वर्षभरात दहा इंचाला टेकतो. २ × १ × १ फुटाच्या टँकमध्ये जेमतेम ५६ लिटर पाणी मावतं, एका ऑस्करला ४ × १.५ × १.५ तरी हवा, म्हणजे साधारण २५५ लिटर, आणि पाण्याचंच वजन अडीचशे किलो, तेव्हा टीव्हीच्या टेबलावर ठेवू नका. सिल्व्हर अरोवाना तर दोन-अडीच फूट होतो, त्याला वळायला टँकची रुंदीच तेवढी लागते. फ्लॅटमध्ये जागा नसेल तर आणूच नका, स्पष्ट सांगतो.

झाकण हवंच, आणि वजनदार. अरोवाना निसर्गात पाण्याबाहेर झेपावून फांदीवरचे किडे पकडतो, आपला ट्यूबलाइटकडे बघून उडी मारतो आणि सकाळी फरशीवर सापडतो. चन्ना म्हणजे आपल्या मरळीची जात पाळणाऱ्यांनी मात्र टँक काठोकाठ भरू नये, तो वर येऊन हवा घेतो, झाकणाखाली मोकळी जागा नसेल तर पाण्यातच गुदमरून मरतो.

जोडीला काय ठेवू, तर तोंडात मावेल असं काहीच नाही. कोरीडोरस हा तळाशी फिरणारा छोटा कॅटफिश तर नकोच, त्याचे काटे गिळणाऱ्याच्या घशात अडकतात आणि दोघंही जातात. काचेचा हीटर पण ऑस्कर शेपटीच्या फटक्याने फोडतो, गार्ड लावा.

आणि मासा झेपेनासा झाला की पिशवीत घालून नदीत, तळ्यात सोडायचा नाही. २०२३ मध्ये श्रीनगरच्या दल लेकमध्ये साफसफाई करताना अ‍ॅलिगेटर गार नावाचा अमेरिकन शिकारी मासा सापडला, तो अमेरिकेतून पोहत आला नव्हता. दुकानात परत देऊन बघा, मोठा टँक असलेला कुणी शोधा. माझा दुसरा ऑस्कर मी असाच देऊन टाकला, नवीन मालकाचा चौथ्या दिवशी फोन, 'अहो हा तर पेलेट थुंकतो'.