कार्टून मालिकांचं विनोदी लेखन जोखताना या चुका टाळा

‘सिम्पसन्स’ या अमेरिकन कार्टून मालिकेत ‘आता पूर्वीची मजा नाही’ असं छातीठोकपणे सांगणारे बरेचजण रील्स बघून बोलत असतात. अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यात नुसता पंच, म्हणजे हशा पिकवणारं शेवटचं वाक्य, उरतो. त्याच्या आधी लेखकांनी काय काय पेरून ठेवलं होतं ते कापलं गेलेलं असतं. तुकड्यावरून लेखन जोखणं ही सगळ्यात मोठी चूक.

१९९३च्या जानेवारीत आलेला ‘मार्ज व्हर्सेस द मोनोरेल’ हा सिम्पसन्सचा भाग पूर्ण बघा. अणुकचरा भलतीकडे टाकल्याबद्दल अणुवीज केंद्राचा मालक बर्न्स याला तीस लाख डॉलरचा दंड होतो आणि पैसा गावाच्या हाती येतो. मालिकेतल्या सिम्पसन कुटुंबातली आई मार्ज म्हणते, मुख्य रस्ता दुरुस्त करा. गावकरी तयार होत आलेले असतात, तेवढ्यात लायल लॅनली नावाचा गोडबोल्या भामटा उठतो आणि गाणं म्हणत अख्ख्या सभेच्या गळ्यात मोनोरेल मारतो. (मुंबईकरांना हा भाग जरा जास्तच लागेल.) शेवटी बेफाम सुटलेली गाडी थांबते, कारण मार्जच्या नवऱ्याने, होमरने, जहाजासारखा फेकलेला नांगर एका अवाढव्य डोनटमध्ये अडकतो. त्यावर होमर काय करतो? डोनटची तारीफ! ते वाक्य कागदावर वाचलं तर त्यात काहीच नाही. पण हा माणूस डोनटसाठी काय वाट्टेल ते करेल हे आपल्याला माहीत असतं, म्हणून हसू फुटतं.

त्यामुळे शंका आली की तोच संवाद मनातल्या मनात दुसऱ्या पात्राच्या तोंडी घालून बघा. तिथेही तो तितकाच खपला, तर विनोद पात्रातून आलेला नाही, वरून चिकटवलाय.

‘साउथ पार्क’ या कार्टून मालिकेने २००६ मध्ये ‘फॅमिली गाय’ या दुसऱ्या कार्टून मालिकेची टर उडवली ती नेमकी यावरून. तिथले विनोद म्हणे पाण्याच्या टाकीतले मॅनटी, म्हणजे समुद्रगायी, चेंडू उचलून ठरवतात! टोमणा झकास आहे. तरी ‘फॅमिली गाय’ला त्याच फूटपट्टीने मोजू नका. गोष्ट सोडून भलतीकडे उडी मारणं हाच तिथला खेळ. तिथे उडी अनपेक्षित आहे का आणि वेळेत संपते का, एवढंच बघायचं.

एखाद्या सिनेमाचा नुसता उल्लेख आला की ‘काय भारी लिहिलंय’ म्हणू नका. ओळख पटल्याचा आनंद वेगळा, विनोद वेगळा.

श्रेय देतानाही घोळ होतो. मोनोरेलच्या भागावर लेखक म्हणून नाव कॉनन ओ’ब्रायनचं आहे, पण सिम्पसन्सची संहिता लेखकांच्या खोलीत सगळे मिळून पुन्हा पुन्हा घासतात. सिम्पसन्सच्याच ‘केप फिअर’ या भागातला खलनायक साइडशो बॉब एकामागून एक दाताळ्यांवर पाय देतो आणि दरवेळी दांडा तोंडावर आपटतो, तो प्रकार तर भाग लांबीला कमी पडला म्हणून ताणला गेला. आधी हसू येतं, मग कंटाळा, आणि मग कंटाळ्याचंच हसू. अशी पुनरावृत्ती दिसली की ‘कल्पना संपल्या’ म्हणण्याची घाई करू नका; दरवेळचं बॉबचं ते वैतागलेलं कण्हणं ऐका.

हिंदी डब ऐकून मूळ लेखनावर निकाल देऊ नका. आणि पहिल्या दोन-चार भागांवरून तर मुळीच नको. सिम्पसन्सच्या पहिल्या सीझनमधला होमर आवाजानेसुद्धा वेगळा वाटतो. नव्याने बघणार असाल तर सरळ तिसऱ्यापासून सुरू करा, आठव्यापर्यंत जा, पहिल्याकडे नंतर वळा.