पावसाळ्यात परदेशी निघताना मुंबईपर्यंतचा रस्ता आधी ठरवा

कपाशीची लावणी उरकली की जुलैत बालीची तिकिटं काढणारे आपल्या खान्देशात वाढलेत. महिनाही बरा, तिकडे तेव्हा कोरडा हंगाम असतो. पण घोडं अडतं ते नाशिककडून मुंबईला जाताना लागणाऱ्या कसारा घाटात! दरड आली की गाड्या थांबतात, आणि विमान काही थांबत नाही. आम्ही एकदा इगतपुरीला ताटकळत बसलो होतो, मुलांनी विमानासाठी घेतलेल्या दशम्या तिथेच संपवल्या.

तेव्हापासून आमची पद्धत अशी:

1. मुंबईला सुरत मार्गाने जायचं. जळगाव, अमळनेर, नरडाणा, नंदुरबार, उधना. या वाटेत कसारा घाट लागतच नाही. भुसावळहून खान्देश एक्सप्रेस याच मार्गाने जाते, पण रोज नसते. म्हणून विमानाची तारीख ठरवण्याआधी तिचे वार बघून घ्या.

2. रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं. विमानाचं तिकीट हातात आलं की तो दिवस कॅलेंडरवर लिहून ठेवा. चार-पाच जणांना एकत्र जागा नंतर मिळत नाही.

3. उड्डाणाच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत मुंबईत पोहोचा. नातेवाइकांकडे किंवा विमानतळाजवळ एक मुक्काम करा. हा खर्च जिवावर येतो खरा, पण चुकलेल्या विमानाच्या चार तिकिटांपुढे तो काहीच नाही.

सावध राहा: वसई-विरार, नालासोपाऱ्यालाही रुळांवर पाणी येतं. त्यामुळे सुरतेकडून गेलात तरी आदल्या दिवसाचा मुक्काम गाळू नका.