बंडगार्डनच्या नदीकाठी लग्नाची मागणी घालायची असेल तर

पुण्यात नदीकाठी प्रपोज करायचं म्हटलं की बंडगार्डन हमखास आठवतं. मुळा-मुठेचा रुंद पट्टा, एकोणिसाव्या शतकातला दगडी फिट्झगेराल्ड पूल, जुनी झाडं, आणि आता मेट्रोचं स्टेशनही आहे. पण इथले बेत फसतात ते शब्द अडल्यामुळे नव्हे, उजेड गेल्यामुळे. म्हणून आधी वेळ ठरवा, मग जागा, आणि सजावटीचा विचार शेवटी.

नोव्हेंबरचा उत्तरार्ध ते जानेवारीअखेर हा काळ सगळ्यात चांगला. जुलै ते सप्टेंबर टाळाच. खडकवासल्यातून विसर्ग वाढला की काठालगतच्या वाटा पाण्याखाली जातात किंवा बंद करतात. मार्च-एप्रिलमध्ये पाणी उतरलेलं, जलपर्णी माजलेली, वास आणि डासही जास्त. थंडीत सूर्य पश्चिमेच्या थोडा दक्षिणेला मावळतो. पुलापासून संगमाकडे नदीची दिशाही साधारण तीच असल्यामुळे हा सूर्यास्त पाण्याच्या अंगाने दिसतो. मे महिन्यात ते जमत नाही.

पुण्यात डिसेंबरच्या मध्यावर सूर्यास्त साधारण 6 वाजता, जानेवारीच्या मध्यावर सव्वासहाच्या आसपास. चांगला उजेड त्याच्या आधीच्या अर्ध्या तासातच मिळतो. सूर्यास्तानंतर वीसेक मिनिटांत मोबाईलचे फोटो दाणेदार यायला लागतात, आणि डासांचा जोरही नेमका तेव्हाच असतो. सूर्यास्त 6 चा धरला तर 5.15 ला बागेत, 5.35 ला ठरलेल्या जागी आणि 5.40 च्या सुमारास मागणी. बंडगार्डन रस्त्यावर संध्याकाळी वाहनं तुंबतात, त्यामुळे गाडीपेक्षा मेट्रो बरी. गाडीने जायचंच असेल तर अर्धा तास हाताशी जास्त ठेवा. महापालिकेच्या बागा दुपारी बंद असतात आणि संध्याकाळी ठरल्या वेळी शिट्ट्या मारून रिकाम्या करतात. फाटकावरची वेळ आधीच वाचून ठेवा.

जागेची पाहणी आठवडाभर आधी, त्याच वारी आणि त्याच वेळी करा. मंगळवारी सकाळी पाहिलेला निवांत कोपरा रविवारी संध्याकाळी भेळ आणि क्रिकेटने भरलेला असतो. शक्यतो मंगळवार ते गुरुवार निवडा. अगदी पाण्याला लागून उभं राहू नका. वरच्या वाटेवर वास कमी येतो आणि नदी जास्त दिसते. कठड्यापासून किमान दोन मीटर आत थांबा. थरथरत्या हातातून अंगठी निसटली आणि नदीत पडली तर तळाच्या गाळातून ती मिळणार नाही. आणखी एक गोष्ट फार महत्त्वाची आहे: जोडीदाराला सहज बाजूला होता येईल अशी जागा हवी. पाठीशी कठडा आणि समोर मोबाईल उगारलेली गर्दी असेल तर मनात होकार असलेलं माणूसही गांगरतं.

फोटोसाठी एकच मित्र किंवा मैत्रीण पुरे. दहा-बारा मीटर अंतरावर, दोघांचे चेहरे बाजूने दिसतील असं उभं राहायला सांगा. सूर्य तुमच्या पाठीमागे आला तर फोटोत नुसत्या काळ्या आकृत्या उरतात, तो फोटो काढणाऱ्याच्या खांद्याच्या बाजूला हवा. सलग व्हिडिओ घ्यायचा आणि फोटो त्यातून काढायचे, म्हणजे नेमका क्षण हुकत नाही. नेमकी जागा लोकेशन पाठवून कळवा आणि एक खूण ठरवा, समजा तुम्ही चष्मा काढलात की रेकॉर्डिंग सुरू. ट्रायपॉड आणि मोठा कॅमेरा आणायचा असेल तर उद्यान विभागाची परवानगी आधी काढा, नाहीतर सुरक्षारक्षक ऐनवेळी अडवतील. ड्रोनचा विचार सोडून द्या, लोहगावचा विमानतळ जवळच आहे. मेणबत्त्या वाऱ्याने विझतात, थर्माकोलची अक्षरं आणि चमकीचे कागद नदीत जातात. मोगऱ्याचा किंवा गुलाबाचा एक गुच्छ भरपूर झाला.

अंगठीचं माप अंदाजाने घेऊ नका. जोडीदार अनामिकेत घालतो तीच अंगठी मिळवा, मधल्या बोटातली चालत नाही. कागदावर तिच्या आतल्या कडेने गोल काढा आणि व्यास मोजा. 16.5 मिमी आला तर घेर सुमारे 52 मिमी. हा आकडा सराफाला सांगा. थंडीत बोटं किंचित आकसतात, म्हणून आधीच सैल असलेलं माप घेऊ नका. चौकोनी डबी खिशात फुगून दिसते आणि गुपित फुटतं. चपटी डबी घ्या, ती पुढच्या खिशात ठेवा, बिजागरी आपल्याकडे करून उघडायचा सराव घरी करा. घाईत डबी उलटी उघडणं ही नेहमीची चूक.

बोलणं मिनिटभराचं असू द्या. घरी ज्या भाषेत भांडता आणि हसता त्याच भाषेत बोला. का, कधीपासून, आणि मग थेट प्रश्न: "लग्न करशील माझ्याशी?" एवढी तीन वाक्यं पाठ असली की बाकीचं सुचत जातं. दोघांचे फोन सायलेंट असू द्या, अंगाला ओडोमॉस आधीच लावा. लग्न करायचं की नाही, कुठे राहायचं, घरच्यांचं काय, ही बोलणी या संध्याकाळच्या आधीच झालेली असावीत. नदीकाठी फक्त प्रश्न अचानक यावा, विषय नव्हे.

घरच्यांना झाडामागे लपवून ठेवू नका आणि व्हिडिओ कॉलवरही घेऊ नका. कोरेगाव पार्क किंवा कल्याणीनगरमध्ये सूर्यास्तानंतर सव्वा तासाने दोघांसाठी टेबल सांगून ठेवा. होकार आला की मग आई-बाबांना फोन करून बोलवा, चार खुर्च्या वाढवता येतात. "मला वेळ हवा" असं उत्तर आलं तर अंगठी पुढे न करता डबी बंद करा, लगेच दुसऱ्यांदा विचारू नका, आणि फोटोवाल्या मित्राने तुमच्या दुसऱ्या खुणेवर गुपचूप निघून जावं. ती खूणही आधीच ठरवलेली हवी.

पावती जपून ठेवा. साधी कडी सराफ सहसा एक-दोन मापं मोठी-लहान करून देतो, पण चहूबाजूंनी खडे बसवलेली अंगठी जवळपास बदलता येत नाही. मापाची खात्री नसेल तर तशी घेऊच नका.