घरबसल्या गोधड्या शिवून द्यायच्या असतील तर

जुन्या साड्यांचं गाठोडं गिऱ्हाइकासमोरच सोडावं. प्रत्येक साडी उजेडाकडे धरून पाहावी आणि दोन्ही हातांनी आडवी ताणावी. ‘चर्र’ झालं की ती बाजूला. विरलेलं कापड आतल्या थरालाही नको. टाका धरत नाही आणि दोन धुण्यांत आत गोळे होतात. नायलॉन, सिंथेटिक साड्यांना सरळ नाही म्हणावं, कारण त्या सुतीवरून सरकतात. लाल, निळ्या, काळ्या साडीवर ओलं पांढरं फडकं ठेवून गरम इस्त्री दाबावी. फडक्याला रंग लागला तर ती साडी घेऊ नये. डाग, भोकं वहीत लिहून फोटो काढून ठेवावा. आईची साडी भरून देता येत नाही.

साड्या धुऊन, खळ काढूनच घ्याव्यात. खळीच्या कापडात सुई अडते. जरीचे काठ काढावेत, ते टोचतात आणि सुतापेक्षा वेगळे आटतात, म्हणून कडेला चुण्या पडतात. मात्र काठ गेले की पन्हा काही इंचांनी घटतो, तेव्हा आधी मोजावं.

साडेपाच मीटरची, ४५ इंच पन्ह्याची साडी मधोमध कापून दोन तुकडे शेजारी जोडले की साधारण १०८ बाय ८८ इंचांचा एक थर होतो. ७ बाय ८ फुटांच्या डबल गोधडीला ताण आणि दुमड धरूनही तो पुरतो. वर एक, खाली एक, आत दोन: चार साड्या. आतल्या थराचा जोड मात्र मधोमध येऊ देऊ नये, नाहीतर सगळे जोड एकावर एक येऊन पाठीखाली वरंबा तयार होतो. आत एक तुकडा उभा चिरून त्याचे दोन भाग दुसऱ्याच्या दोन्ही कडांना लावावेत. हे जोड दुमडू नयेत, अर्धा इंच एकावर एक ठेवून कच्चा टाका घालावा.

खरी कसोटी थर बसवताना लागते. फरशी पुसून कोरडी करावी, खालचं कापड उलटं पसरून चारी कोपरे चिकटपट्टीने ताणून धरावेत, पण रबरासारखे ओढू नयेत. पुढचा प्रत्येक थर मधून कडेकडे तळव्याने सारत बसवावा. मग दर वितीवर एक सेफ्टी पिन. डबलला शंभर-सव्वाशे लागतात. इथे कंजुषी केली की शिवताना झोळ कडेकडून आत सरकत जातो आणि शेवटी गोधडीला मधोमध पोट सुटतं. तेव्हा उसवण्यावाचून इलाज नसतो.

हाताने शिवताना आधी कडा दुमडून, कडेपासून आत चौकोनी रांगा घालत धावदोरा टाकावा. मशीनवर उलट, मध्यापासून बाहेर जावं, सुई १६ किंवा १८ नंबरची, टाका मोठा, कापड दाबणाऱ्या पट्टीचा (प्रेसर फूटचा) दाब हलका. घरगुती मशीनच्या मानेखाली जेमतेम सहा-सात इंच जागा असते. डबल गोधडीची गुंडाळी त्यात कोंबताना थर सरकतात. अमेरिकेत यासाठीच लांब मानेची लाँगआर्म यंत्रं वापरतात. आपल्याकडे मशीनवर सिंगल आणि दुपटी घ्यावीत, डबल हातानेच.

मजुरी ‘नगावर’ ठरवू नये. रांगांतलं अंतर विचारावं. ७ बाय ८ फुटांना इंचाइंचावर रांगा घातल्या तर २०५ मीटर धावदोरा पडतो, दीड इंचावर १३७, दोन इंचांवर १०२. म्हणजे तेच माप, तीच साडी, पण दोन इंचांपेक्षा एका इंचाला मेहनत दुप्पट. तिन्ही अंतरांचा वीतभर नमुना शिवून ठेवावा आणि गिऱ्हाइकाला हाताने चाचपू द्यावा. निम्मे पैसे आगाऊ घ्यावेत.

देताना सांगावं: पहिलं धुणं वेगळं, गार पाण्यात. ओली गोधडी फार जड होते, म्हणून एका दोरीवर लटकवू नये, दोन दोऱ्यांवर पसरून सावलीत वाळवावी. काढलेले काठ आणि उरलेले तुकडे पिशवीत घालून परत द्यावेत. पदराचं काय झालं, हे हमखास विचारलं जातं.