बाजूचं बीट रिकामं असतं तेव्हा: नव्या वनरक्षकांसाठी थोडं अनुभवाचं

वनरक्षक भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींचे आठवड्याला दोन-तीन तरी फोन मला येतात. प्रश्न ठरलेले. धावायला वेळ किती मिळतो, चंद्रपूर वृत्ताचा कटऑफ कितीवर थांबेल, बारावीला भूगोल होता तर चालतो का. (चालतो. विज्ञान, गणित, भूगोल किंवा अर्थशास्त्र यांतला एक विषय पाहिजे.) रुजू झाल्यावर काय होतं, हे मात्र कुणीच विचारत नाही. म्हणून हे लिहायला घेतलं.

मी बीड जिल्ह्यातली, शेतकऱ्याच्या घरची. २०१९ मध्ये ९०० जागा निघाल्या, महापरीक्षा पोर्टलवर पेपर झाला, मग मुलींचं तीन किलोमीटर धावणं आणि चार तासांत सोळा किलोमीटर चालणं. मुलांना पाच किलोमीटर धावायचं आणि पंचवीस चालायचं असतं. धावण्याची तयारी सगळे करतात, चालण्याची कुणी करत नाही. नोकरीत मात्र धावायची वेळ क्वचित येते आणि चालणं रोजचं असतं. परीक्षेबद्दल एवढंच. बाकी सगळं कोचिंगवाले सांगतात.

अर्ज भरताना वनवृत्त (वनखात्याच्या काही विभागांचा मिळून एक मोठा गट) निवडावं लागतं. जागा कुठे जास्त ते बघून आपण टिक करतो. ती टिक म्हणजे पुढची पंधरा-वीस वर्षं असतात, हे तेव्हा कळत नाही. वृत्त बदलून घ्यायचं तर ज्येष्ठता गमवावी लागते. आणि जागा जास्त का आहेत, याचाही विचार करा. जिथे जागा जास्त, तिथे रिकामी बीटंही जास्त. (बीट म्हणजे एका वनरक्षकाच्या ताब्यात असलेला जंगलाचा तुकडा.) त्यातलं एक तुमचं होणार, आणि शेजारचं तुमच्या गळ्यात पडणार.

माझ्या बाबतीत हे सकाळच्या चहाआधीच झालं. फेब्रुवारी २०२० मध्ये रेंज ऑफिसला रुजू व्हायला गेले, तर बाबूंनी दोन कागद पुढे केले. एक माझ्या बीटाचा नियुक्ती आदेश, दुसरा शेजारच्या बीटाचा अतिरिक्त प्रभार. माझं बीट साडेआठशे हेक्टरच्या आसपास, शेजारचं त्याहून मोठं. मधे एक नाला, पावसाळ्यात पार न होणारा. मी विचारलं, "प्रभार किती दिवस?" बाबू म्हणाले, "माणूस येईपर्यंत." माणूस यायला चार वर्षं लागली. प्रशिक्षणालाही मी वर्षभर बीट सांभाळल्यावर गेले. खरं तर ते आधी व्हायला हवं.

माणूस का आला नाही, ते थोडक्यात सांगते. ४ मे २०२० ला कोरोनामुळे वित्त विभागाचा आदेश निघाला. आरोग्य सोडून बाकी खात्यांची नवी भरती थांबली. महापरीक्षा पोर्टल त्याआधीच बंद झालं होतं. वनरक्षकांची पुढची मोठी जाहिरात आली ती थेट २०२३ ला, २,१३८ जागांची. मधल्या काळात लोक निवृत्त होत होते, बढतीने वनपाल होत होते, बदलून जात होते. कुणाला कामावरून काढलं नाही, कुठे मोर्चा निघाला नाही, पेपरात बातमी आली नाही. पद मंजूर होतं, फक्त खुर्ची रिकामी होती. आणि त्याच काळात वाघ वाढत होते. राज्यात २०१४ च्या गणनेत १९०, २०१८ ला ३१२, २०२२ ला ४४४.

याहून गुपचूप होणारी कपात वनमजुरांची. त्यांची पदं अधिसंख्य. म्हणजे माणूस निवृत्त झाला की त्याच्याबरोबर पदही जातं, तिथे नवा माणूस भरायचा प्रश्नच येत नाही. माझ्या बीटावर असे एक वनमजूर होते. सगळे त्यांना मामा म्हणायचे, मीही म्हणायला लागले. तीस वर्षं त्याच जंगलात. मला जे काही जंगल कळतं ते त्यांनी दाखवलेलं.

एक उदाहरण देते. दुसऱ्या की तिसऱ्या आठवड्यात आम्ही नाल्याकाठाने जात होतो. वारा चांगला होता. मामा एकदम थांबले आणि काठीने एका ढिगाकडे दाखवलं. "मॅडम, पाला पाहा. आजूबाजूचा पाला उडते, हा उडत नाही." काठीने खरवडलं तर खाली ओली माती थापलेली, आणि मातीखाली सागाचं ताजं थूट, म्हणजे तोडलेल्या झाडाचा उरलेला बुंधा. जमिनीलगत करवतीने कापलेलं. झाड तोडलं की थुटावर माती थापायची, वर ओला पाला दाबायचा, म्हणजे गस्तीवरचा माणूस बाजूने निघून जातो. मी एकटी असते तर गेलेच असते. त्या दिवशी तशी चार थुटं सापडली. पीओआर (वनगुन्ह्याचा पहिला अहवाल) फाडला, मोजमाप घेतलं, थुटांवर खात्याच्या हॅमरने शिक्का मारला. मामांनी आणखी एक गोष्ट दाखवली. बैलगाडीच्या चाकोरीत एका बाजूचं चाक खोल रुतलं होतं. म्हणजे लाकूड एकाच अंगाला लादलं होतं, म्हणजे घाईत होते, म्हणजे गाव जवळचंच.

मामा २०२१ च्या जूनमध्ये निवृत्त झाले. कागदावर एक पद कमी झालं. माझ्या हिशेबाने दोन्ही बीटांचे डोळे गेले.

आता आगीचं. आमच्याकडे १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम. मोहफुलं वेचायला झाडाखालचा पाला जाळतात, तेंदूला चांगली पालवी फुटावी म्हणूनही आग लावतात, आणि ती पुढे सरकते. भारतीय वन सर्वेक्षणाकडून उपग्रहाच्या माहितीवरून मोबाइलवर संदेश येतो, अक्षांश-रेखांशासकट. तंत्रज्ञान चांगलं आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण संदेश आग विझवत नाही. मार्चमधल्या एका दुपारी मला वीस मिनिटांत दोन संदेश आले. एक माझ्या बीटातला, एक प्रभाराच्या. मधे अकरा किलोमीटर. हाताशी दोन हंगामी अग्निरक्षक, एक ब्लोअर (पाला उडवायचं यंत्र) आणि माझी दुचाकी. मी माझ्या बीटातली आग निवडली, कारण तिच्या पुढ्यात दोन वर्षांचं रोपवन होतं. जाळरेषेपर्यंत (आग अडवायला आधीच साफ केलेल्या पट्ट्यापर्यंत) ती आणून थांबवायला संध्याकाळचे सात वाजले. दुसरीकडे पोचलो तेव्हा विझवायला काही उरलंच नव्हतं. नुसती धग, आणि जळत्या खोडांचा फुटल्यासारखा आवाज. वाघाटीच्या वेलीसकट एक मोठा टापू काळा झाला होता.

आठवड्याने मला खुलासा मागणारं पत्र आलं: संदेश वेळेत मिळूनही आग आटोक्यात का आली नाही? मी खुलासा दिला. तो मंजूर झाला की नाही, मला कुणी कळवलं नाही. पण त्या पत्राने मला एक शिकवलं, तेच तुम्हाला सांगायचं आहे. दैनंदिनी रोजच्या रोज लिहा. कुठल्या तारखेला कुठल्या कक्षात होता, बरोबर कोण होतं, किती वाजता संदेश आला, कुणाला फोन केला. दोन बीटं सांभाळणारा माणूस एका वेळी एकाच ठिकाणी असतो, ही साधी गोष्ट कागदावर नसेल तर कुणी मानत नाही.

आगीपेक्षा वाईट अवस्था जनावरांच्या पंचनाम्याची. वाघाने गाय मारली की शेतकऱ्याने ४८ तासांत कळवायचं, पंचनामा होईपर्यंत मेलेलं जनावर हलवायचं नाही, आणि आपण जाऊन पंचनामा करायचा. बीटावर माणूस असला तर दोन-तीन तासांत होतो. एका आठवड्यात मला तीन गावांतून तीन बोलावणी आली, त्यात एक माणसावरच्या हल्ल्याचं. साहजिकच आधी तिकडे. तिसऱ्या गावात पोचायला दोन दिवस लागले. उन्हाळा, जनावर फुगलेलं, कुत्र्यांनी ओढलेलं, वाघाचे दात कुठे लागले ते दिसेना. गायीचा मालक काही बोलला नाही. त्याने मला पाणी दिलं. एवढंच म्हणाला, "ताई, पुढच्या टायमाले तुमाले तरास नाही देत."

हे वाक्य ऐकलं की घाबरायचं. शिव्या घालणारा माणूस अजून आपल्याकडे काही मागत असतो. जो तरास देत नाही म्हणतो, तो पुढच्या वेळी मेलेल्या गायीवर विष टाकू शकतो किंवा शेताच्या कुंपणात वीज सोडू शकतो. तसं त्याने केलं असं मी म्हणत नाही. पण वाघ मेल्याची बातमी आली की सगळे शिकारी टोळ्यांबद्दल बोलतात. मला आधी आठवतो दोन दिवस उशीर झालेला पंचनामा.

पर्यटनाचा वाघ आणि आमचा वाघ यांतही फरक आहे. ताडोबाच्या गेटवर जिप्सीचे पैसे येतात, व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठानातून बरीच कामं होतात. माणसावरचे हल्ले मात्र जास्त करून त्याच्या बाहेर होतात, ब्रह्मपुरीसारख्या प्रादेशिक विभागांत. तिथे फारशी गेटं नाहीत, फारसे पर्यटक नाहीत, पण गावं खेटून आहेत. तेंदूच्या हंगामात पहाटे चारला बायका जंगलात शिरतात. १० मे २०२५ ला सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघिणीच्या हल्ल्यात गेल्या. मृत्यूला भरपाई २५ लाख आहे. पण कुठल्या नाल्यात वाघीण पिल्लांसह बसली आहे, आज कुठल्या बाजूने जाऊ नका, हे आदल्या संध्याकाळी फळीवर (तेंदूपत्ता गोळा होतो त्या जागी) येऊन सांगणारा माणूस लागतो. प्राथमिक प्रतिसाद दलाची गावातली मुलं हे काम करतात, आणि मानधनाच्या मानाने फार जीव लावून करतात. रुजू झालात की साहेबांना भेटण्याआधी त्या मुलांना भेटा.

स्वतःचा जीवही यात आला. आपल्या हातात काठी असते, बंदूक बहुतेकांकडे नसते. २० नोव्हेंबर २०२१ ला ताडोबाच्या गाभ्यात व्याघ्रगणनेच्या पायी सर्वेक्षणात एका महिला वनरक्षकाला वाघिणीने मारलं. बरोबर तीन मदतनीस होते. त्या दिवसांत आम्हीही तेच सर्वेक्षण करत होतो, पायवाटा ठरवून पहाटे विष्ठा, ओरखडे, पगमार्क नोंदवत. बातमी आली तेव्हा मी प्रभाराच्या बीटात होते, बरोबर एकच माणूस. आईचा फोन आला. मी तिला सांगितलं, आम्ही सहा जण आहोत. म्हणून नव्यांना सांगते, एकट्याने बीट फिरायला कुणी सांगितलं तर नम्रपणे, लेखी, सोबत माणूस मागा. मिळणार नाही कदाचित. पण मागितल्याची पोच जवळ ठेवा.

आणि प्रभार घेताना सगळ्यात महत्त्वाचं: चार्ज यादीवर डोळे मिटून सही करू नका. मी केली होती. आधीच्या काळातली थुटं नोंदवलेली नव्हती, ती तपासणीत निघाली तेव्हा बीट माझ्या नावावर होतं आणि वसुलीची भाषाही माझ्याशीच झाली. आधी सगळे बुरूज, म्हणजे जंगलाच्या हद्दीचे खांब, फिरून बघा. कुठला पडलाय, कुठला शेतात गेलाय, तेही लिहा. कारण अतिक्रमण करणारा बुरूजच आधी हलवतो, आणि रिकाम्या बीटात त्याला सबंध पावसाळा मोकळा मिळतो.

२०२४ मध्ये शेवटी माणूस आला. २०२३ च्या भरतीतला, यवतमाळकडचा मुलगा, एमएससी झालेला, माझ्यापेक्षा शिकलेला. मी त्याला म्हटलं, सहीची घाई करू नकोस, दोन दिवस फिरू. फिरलो. बुरूज मोजले, थुटं मोजली, जीपीएसवर खुणा केल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने विचारलं, "ताई, उन्हाळ्यात इथे पाणी कुठे राहतं?" नकाशात दोन वनतळी होती, दोन्ही मार्चमध्येच आटतात. मला एक झरा ऐकून माहीत होता, जागा नक्की आठवेना. मामांना फोन लावला, स्पीकरवर ठेवला.

मामा आधी त्याचं गाव, आडनाव, लग्न सगळं विचारून मोकळे झाले. मग म्हणाले, "नाल्यानं वर जा. दोन मोठे गोटे लागतीन. तिथून डाव्या अंगाले बिज्याचं जुनं झाड आहे, दोघांच्या कवेत न येणारं. त्याच्या बुडाशी हात घाला, माती ओली लागते. मेमधी बी लागते."

आम्ही गेलो. गोटे सापडले. डावीकडे झाड नव्हतं. मुलाने काठीने पाला सरकवला, खालची थापलेली माती खरवडली आणि घेर मोजायला टेप काढला. यादीत त्या थुटाचा नंबर सत्तेचाळीस आला. माती अजून ओली होती.